होडीखालची जागा

पुतण्यानं क्रेनला टांगलेल्या होडीखाली वाकून ओंडका सरकवला, ही बातमी देवगडच्या काकांना मासळीबाजारात कळली. फोनवर पोरगा ‘हो काका, हो काका’ म्हणून विषय बदलतो, म्हणून त्यांनी पत्रच लिहायला घेतलं. अनेक आशीर्वाद झाले आणि लगेच प्रश्न: खाली वाकला होतास तो तू, की गडी?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, त्यामुळे होड्या वर काढायची घाई सगळ्यांनाच असते. पूर्वी अमावास्या-पौर्णिमेचं उधाण गाठून होडी जमेल तेवढी वर आणत, मग ओंडक्यांवरून ओढत. क्रेन तेच काम चहा निवायच्या आत करते, आणि काकांना धास्ती आहे ती त्याचीच. पाण्यात होडी सगळ्या अंगानं तोललेली असते. हवेत तिचा सगळा भार दोन पट्ट्यांवर. तळाशी २०० लिटर पावसाचं पाणी राहिलं तर २०० किलो वाढले. म्हणून आधी पाणी उपसून टाक, इंजिन नि टाकी उतरव, वर विजेची तार आहे का बघ.

समासात त्यांनी चित्रच काढलं. एक टनाची होडी, नाळेकडून एक आणि मागून एक असे दोन पट्टे हुकात. पट्टे आखूड पडून जमिनीशी ३० अंशांवर आले, तर प्रत्येकावर अर्धा नव्हे, अख्खा टन ताण. ६० अंशांवर तो सुमारे ५८० किलो. झोका धरायला दोन्ही टोकांना लांब दोर. ओंडका हलवायचा तर बांबूनं. पण खाली वाकायचं नाही.

पुढची शाई जरा पसरलेली. काकांच्या भावाचं, भाऊंचं, बोट पूर्वी होडी ओढताना ओंडक्याखाली गेलं, हे घरात सगळ्यांना ठाऊक. त्या दिवशी दोर कुणी सोडला, हे भाऊंनी कुणाला सांगितलं नव्हतं. काकांनी ते या पत्रात सांगितलं. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते, भरती उतरायच्या आत घरी जायची घाई होती, बस्स.

त्यानंतर रागाचा एकही शब्द नाही. वहिनींची गुडघेदुखी, झाडाचे उरलेले चार आंबे. आणि शेवटी विनंती: दुसरी होडी रविवारी काढा, सकाळच्या एसटीनं येतो. बोलणार काही नाही. मागचा दोर तेवढा माझ्या हातात दे.