साखळी की स्नो टायर?

हिवाळ्यात मनालीहून अटल टनेलकडे गाडी नेणार असाल, तर फर्स्ट इयरचं घर्षण आठवा. ताशी ४० कि.मी. वेगात ब्रेक मारला की कोरड्या डांबरावर (घर्षणांक ०.७) गाडी ९ मीटरमध्ये थांबते; गोठलेल्या बर्फावर (०.१) ६३ मीटर घेते!

साधं रबर ७ अंशांखाली कडक होत जातं, स्नो टायरचं मऊ राहतं. पण ते चारही चाकांना हवेत. सगळा हिवाळा डोंगरात काढणाऱ्यालाच ते परवडतात. चार दिवसांच्या पाहुण्याला साखळी बरी. ती इंजिन फिरवतं त्या चाकांना, म्हणजे बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे. वेग ४० च्या आत. कोरडा रस्ता लागताच काढायची. मागची चाकं मात्र साधीच राहतात, म्हणून उतारावर जोरात ब्रेक नको, शेपूट फिरते. पहिला गिअर, हलका पाय.

आणि चढवायची तालीम हॉस्टेलच्या पार्किंगमध्येच करा. बर्फात बोटं चालत नाहीत.