भाताचीं मुळें व जमिनींतील कठीण थर

भाद्रपदांत पावसानें ओढ दिली म्हणजे एकाच वाणाचें भात एका खाचरांत तग धरितें आणि बांधापलीकडील खाचरांत पिवळें पडतें. याचें कारण पुष्कळदां वाणांत नसून जमिनींत असतें, हें आमच्या कृषिबंधूंनीं ध्यानांत घ्यावें.

भाताचीं बहुतेक मुळें वरच्या वीतभर मातींतच असतात. दरवर्षीं चिखलणी केल्यानें वरची माती मऊ होते. परंतु तिच्याखालीं, सुमारें १५ ते २५ सेंटिमीटर खोलीवर, बैलांच्या व यंत्रांच्या भारानें दाबला जाऊन घट्ट थर बनतो. हा थर पाणी धरून ठेवितो, म्हणून लावणीच्या भातास तो उपकारक होय. पण पाऊस थांबला कीं तोच अडसर होतो. माती जसजशी सुकते तसतशी ती अधिक कठीण होते; मुळांचीं टोंकें थराशीं अडून आडवीं वळतात, आणि खालीं ओल असूनही ती पिकास मिळत नाहीं. शिवाय पाणी आटल्यावर स्फुरदाचा पुरवठाही मंदावतो.

महसुली नोकरींत आम्हीं पैसेवारीचीं कामें पुष्कळ पाहिलीं. तेथें लोंब्या मोजतात. मुळें कोणी पाहत नाहीं.

खोल मुळांचा वाण हा एक उपाय आहे. २०१३ सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं फिलिपाईन्समधील किनांदांग पातोंग या कोरडवाहू भातांतील एक जनुक आय. आर. ६४ या उथळ मुळांच्या वाणांत उतरविल्याचें प्रसिद्ध केलें. मुळें अधिक उभीं व खोल गेलीं, आणि अवर्षणांत उत्पन्न मूळ वाणाहून अधिक आलें. तथापि वाटेंत कठीण थर असेल तर असा वाणही पुरता गुण दाखवूं शकणार नाहीं.

यास्तव कापणीनंतर जमिनींत ओल आहे तोंच खाचरांत हातभर खड्डा खणावा व मुळें कोठें आडवीं वळलीं तें पाहावें. थर उथळ आढळल्यास शेणखत व गिरिपुष्पाचा पाला घालून माती भुसभुशीत राखावी. ओल्या जमिनींत जड यंत्र नेऊं नये. रायगड जिल्ह्यांत नेरळ येथें निघालेल्या सगुणा भात तंत्रांत चिखलणी न करितां गादीवाफ्यांवर भात टोकतात व मागील पिकाचीं मुळें उपटीत नाहींत. तीं कुजलीं म्हणजे त्यांच्या जागीं नव्या मुळांस वाटा मिळतात. मात्र चिखलणी सोडल्यास तणाचा बंदोबस्त आधींच योजावा.

पाझरत्या हलक्या जमिनींत थर सरसकट फोडूं नये; खाचरांत पाणीच ठरणार नाहीं. प्रथम गुंठाभर जागेंत अनुभव घ्यावा, शेजारच्या पिकाशीं ताडून पाहावा, आणि मगच पुढें जावें.