पूर ओसरल्यावर

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. दीडशे वर्षांचं सांगलीचं नगर वाचनालय पाण्यात गेलं, नदीकाठच्या कितीतरी घरांतली दप्तरंही. पाणी उतरल्यावर लोणंदहून आम्ही काहीजण मदतीला गेलो. तिथे जे उमगलं ते असं.

१. पुस्तकाआधी माणसाची विचारपूस करावी. कपाटं उपसणाऱ्या अनेकांच्या स्वतःच्या घरात चिखल होता. विचारलं की, "बघू नंतर," म्हणायचे. आमच्यातले दोघं-तिघं घमेलं-फावडं घेऊन त्यांच्याच घरी गेले, तेव्हा कुठे ती माणसं दोन घास निवांत जेवली.

२. ओला कागद थांबत नाही. दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, गुळगुळीत पानं एकमेकांना चिकटून बसतात. म्हणून कोणी उठायलाच तयार नसतं. पुस्तकं उन्हात घालायची नाहीत, हे लोणंदकराला सांगावं लागत नाही. कांद्यासारखीच त्यांनाही सावली आणि खेळता वारा लागतो. पण त्या बुरशीत दिवसभर श्वास घेणाऱ्याचं काय? शेवटी पाळ्या लावल्या. तोंडाला मास्क, आणि पाळी संपली की बाहेर. हे कामाइतकंच सक्तीचं हवं.

३. जुनं ते नाजूक, असं नसतं. एका घरातले मोडी कागद भिजून चिंब झाले होते, तरी अक्षर जागेवर होतं. काजळाची शाई पाण्याला दाद देत नाही. त्याच पेटीतली फाउंटन पेननं लिहिलेली रोजनिशी मात्र निळा डाग होऊन गेली. घरातल्या बाईंनी ती तरीही जपून ठेवली. आम्ही कोणी काही बोललो नाही.

४. निर्लेखन एकट्याला करू देऊ नये. लगदा झालेल्या पुस्तकाचा दाखल क्रमांक नोंदवहीतून कमी करताना, ज्यानं ते आयुष्यभर जपलं त्याचा हात अडतो. एकानं नाव वाचायचं, दुसऱ्यानं नोंद करायची, असं ठरलं. जुने वाचक येऊन उभे राहायचे. एखादं नाव ऐकून कोणी म्हणायचं, "हे मी नेलं होतं." त्या चार शब्दांनी जो आधार दिला, तो आमच्या सामानानं दिला नसता.

५. लोक आपापली पिशवी घेऊन वाचनालयात आले. सातबारा, शाळेचा दाखला, लग्नाचे फोटो. सातबारा पुन्हा मिळतो, फोटो मिळत नाही. चिकटलेले फोटो ओढायचे नाहीत, स्वच्छ गार पाण्यात सोडवायचे, चित्राच्या बाजूला बोट लावायचं नाही. हे शिकवताना थकलेल्या कर्मचाऱ्यांच्या आवाजात जीव आला. ज्यांचं सगळं गेलं होतं, त्यांनाही कोणाला तरी काही देता येत होतं.

६. तयारी माणसांच्या नावानं करावी. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढलं. आता माउलींची पालखी लोणंदहून तरडगावकडे निघाली की आम्ही यादी नवी करतो. पुलापाशी ४० फुटांचा इशारा आला की कोणाचं कुटुंब कोणाकडे राहायला येणार, आणि ४५ व्हायच्या आत कोणत्या कपाटाला कोण हात लावणार.