सर्दीची गोळी आणि रक्तदाब

प्रश्न : यजमान आवडीच्या टँक कारखान्यात असल्याने आम्ही इथे राहतो. उठल्याबरोबर मला शिंका येतात, नाक चोंदते. दुकानातून सर्दीची गोळी आणून अधूनमधून घेते. रक्तदाबाचे औषध चालू आहे. अ‍ॅलर्जीच्या साध्या गोळीने काय होणार? तीन वर्षांच्या नातीला तेच औषध पातळ मिळते, ते देऊ का?
- एक वाचक, आवडी (चेन्नई)

उत्तर : ताई, आधी गोळ्यांच्या पाकिटाची मागची बाजू वाचा. सेटिरिझिन किंवा क्लोरफेनिरामिनच्या जोडीला बहुधा फेनिलेफ्रिन लिहिलेले दिसेल. पहिले शिंका आणि खाज थांबवते. दुसरे नाक मोकळे करण्यासाठी रक्तवाहिन्या आकसवते. त्याने रक्तदाब वाढू शकतो. शिवाय पोटात घेतलेल्या फेनिलेफ्रिनचा चोंदलेल्या नाकाला उपयोग होत नाही, असे अमेरिकेच्या एफडीएच्या सल्लागार समितीने २०२३ मध्ये सांगितले. मग ही जोखीम घ्यायचीच कशाला?

मूत्रपिंडाचा विकार नसेल तर नुसती सेटिरिझिन १० मिलिग्रॅम रात्री एकदा पुरते. तिने सुस्ती येऊ शकते. त्रास रोजचाच असेल तर डॉक्टरांना विचारून नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा सर्वांत चांगला. मात्र पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. नाक मोकळे करणारे थेंब पाच दिवसांवर नेऊ नका, नाक उलट जास्त चोंदते. काचबिंदू, हृदयविकार किंवा थायरॉइड असेल तर जोडगोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

नातीला ते पातळ औषध अजिबात देऊ नका. क्लोरफेनिरामिन-फेनिलेफ्रिनचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला आहे.

अधूनमधून घेतलेल्या गोळ्यांची धास्ती बाळगू नका. या आठवड्यात एकदा रक्तदाब तपासून घ्या.