दोरी, साप आणि आजीची पोरं



आजचं चिंतन: माण्डूक्य कारिका, वैतथ्य प्रकरण, कारिका १७ आणि १८.

अंधारात दोरी पडली होती, माणसाला साप वाटला. हा दृष्टांत आपण कीर्तनात ऐकलाय, रील्सवर बघितलाय. "सगळी माया आहे" म्हणायचं आणि पुढे स्क्रोल करायचं, असं त्याचं झालंय. पण मूळ कारिका सावकाश वाचा. गौडपादाचार्य (शंकराचार्यांच्या गुरूंचे गुरू) नुसता साप म्हणत नाहीत. साप, पाण्याची धार, अशा अनेक कल्पना एकाच दोरीवर होतात असं ते म्हणतात. आणि दोरीला एक विशेषण लावतात: अनिश्चित. दोष एकट्या अंधाराचा नाही. दोरी काय आहे याचा निश्चय झालेला नाही, तरी मन निकाल देऊन मोकळं होतं.

हे मन किती सफाईने करतं ते बघायचंय? आत्ताच करून बघा. दोन्ही हात समोर ताणा, अंगठे वर, शेजारी शेजारी. डावा डोळा बंद. उजव्या डोळ्याने फक्त डाव्या अंगठ्याकडे बघत राहा आणि उजवा अंगठा हळूहळू उजवीकडे सरकवा. साधारण वीतभर अंतरावर अंगठ्याचं टोक गायब होईल. (नजर हलली तर होणार नाही, चीटिंग करू नका.) डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस जिथून बाहेर पडते, तिथे पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. म्हणजे प्रत्येक डोळ्यात एक भोक आहे. पण तुम्हाला भोक दिसलं का? नाही. तिथे मागची भिंत दिसली. ती भिंत मेंदूने आजूबाजूचा रंग बघून भरली.

मी व्हिडिओवर काम करतो, त्यामुळे मला हे फार ओळखीचं वाटतं. व्हिडिओ कॉलमध्ये प्रत्येक वेळी अख्खं चित्र येत नाही, बहुतेक वेळा फक्त बदल येतो. मधला एखादा तुकडा हरवला तर सॉफ्टवेअर आधीच्या चित्रावरून अंदाज बांधून जागा भरतं. बघणाऱ्याला कळतही नाही, कारण "इथे अंदाज मारलाय" अशी पाटी स्क्रीनवर येत नाही. डोळ्यातही तशी पाटी नाही.

आता घरातली गोष्ट. माझी आजी मिरजेला असते, वय ८४. डोळ्याच्या पडद्याच्या आजाराने तिची मधली नजर जवळजवळ गेलीय. मागच्या वर्षी तिने खोलीबाहेर येणं कमी केलं. मग एकदा काकूने तिला रिकाम्या कोपऱ्याकडे टक लावून बसलेलं पाहिलं. खोदून विचारल्यावर आजी म्हणाली, पोरं दिसतात. रंगीत कपडे घातलेली, चार-पाच लहान पोरं.

घरात एकदम तीन पक्ष पडले. काकूला वाटलं हे बाहेरचं आहे, अंगारा आला, एका देवऋषाचा पत्ताही निघाला. शेजारच्या मावशी म्हणाल्या, बालकृष्ण दर्शन देतोय, आणि आजीच्या पाया पडून गेल्या. चुलतभावाने गूगल करून डिमेन्शियाचं निदान केलं. एकच आजी, पण एकाला साप दिसला, एकीला धार. मी ही कारिका इतकी जिवंत कधी वाचली नव्हती.

आजीला मात्र कुणी विचारलंच नव्हतं की तुला काय वाटतं. फोनवर तिने मला हळूच सांगितलं, "अरे, ती पोरं खरी नाहीत. खरी पोरं एवढी गप्प बसतील होय? पायाचा आवाज नाही, काही नाही." आणि मग, "पण मी वेडी नाही ना झाले?"

नेत्रतज्ज्ञांनी तपासून सांगितलं ते ऐकून सगळे गप्प झाले. याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात. बॉनेट हा जिनिव्हाचा निसर्गअभ्यासक. त्याच्या आजोबांची नजर अधू झाली आणि त्यांना माणसं, पक्षी, इमारती दिसू लागल्या. ते त्याने १७६० साली लिहून ठेवलं. डोळ्याकडून माहिती येणं कमी झालं की मेंदूचा बघणारा भाग स्वतःच चित्रं तयार करतो. ती चित्रं बहुधा मुकी असतात आणि माणसाला ती खरी नाहीत हे कळतं किंवा लवकरच पटतं. लोक वेडं म्हणतील या भीतीने खूप जण सांगतच नाहीत. आजीही तीन महिने गप्प होती.

म्हणजे बघा, घरात सगळ्यात कमी दिसणारी व्यक्ती एकटीच होती जिला दिसणं आणि असणं यातला फरक कळत होता. चांगले डोळे असलेले बाकी सगळे ठाम होते!

डॉक्टरांनी उपाय काय सांगावा? पोरं दिसली की खोलीतला दिवा लावा, नजर इकडून तिकडे फिरवा, हात पुढे करून बघा. कारिका १८ काय सांगते? दोरीचा निश्चय झाला की कल्पना निवृत्त होतात. सापाला काठीने मारायचं नाही, मंत्राने उतरवायचं नाही. दोरी बघायची. इथे एक गडबड नेहमी होते. "ज्याचं त्याचं सत्य वेगळं" असा अर्थ काही जण काढतात. आचार्य तसं म्हणत नाहीत. दहा जणांना दहा गोष्टी दिसल्या तरी दोरी दोरीच राहते. आणि त्यांचा रोख डोळ्यांवर नाहीच, आत्म्यावर आहे. पुढच्या कारिकांत ते यादीच देतात: कुणी त्याला प्राण म्हणतो, कुणी मन, कुणी काळ. (आज असते तर "डेटा" म्हणणारे आम्हीही यादीत असतो.)

आजीची पोरं अजून अधूनमधून येतात. काकू आता दिवा लावते आणि विचारते, "आज किती आलीत?" आजी मोजून सांगते.

तुमच्या घरात नजर अधू झालेलं कुणी असेल तर एकदा सहज विचारून बघा, काही दिसतं का. आवाजही ऐकू येत असतील किंवा माणूस गोंधळत असेल तर कारण वेगळं असू शकतं, डॉक्टरांना तेही सांगा.

उद्या कारिका १९. एकच आत्मा इतक्या रूपांत कसा कल्पला जातो, हा प्रश्न तिथे येतो.

राम कृष्ण हरी.