गाठ नसलेला कर्करोग कसा शोधतात?



रक्ताभिसरण शिकवताना आपण मुलांना सांगतो, केशवाहिन्या केसापेक्षाही बारीक असतात. त्याच वाहिन्यांत लपणारा एक कर्करोग आहे. नाव लांबलचक, इंट्राव्हॅस्क्युलर लार्ज बी-सेल लिम्फोमा. अतिशय दुर्मिळ, आणि बहुधा साठी-सत्तरीत होणारा. म्हणजे हा लेकरांचा नाही, आजी-आजोबांचा विषय.

लिम्फोमा म्हटलं की मानेत, काखेत गाठ, हे आपण वाचलेलं असतं. इथे गाठ बहुतेक वेळा नसतेच. बी-पेशी म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. बिघडलेल्या बी-पेशी बारीक वाहिन्यांतून बाहेर न पडता तिथेच वाढतात. मेंदूत अडकल्या तर भ्रम किंवा लकव्यासारखी लक्षणं, फुफ्फुसात अडकल्या तर दम. पुष्कळांना नुसता ताप, आठवडेच्या आठवडे. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत तापाला आधी मलेरिया, टायफॉईड, स्क्रब टायफस बघतात, आणि ते बरोबरच आहे. प्रश्न येतो सगळे रिपोर्ट निगेटिव्ह येऊनही ताप हटत नाही तेव्हा.

अशा वेळी हिमोग्लोबिन, प्लेटलेट कमी आणि एलडीएच खूप वाढलेलं दिसलं, तर डॉक्टरांना शंका येते. गंमत बघा, रोग रक्तवाहिनीत, पण हातातून काढलेल्या रक्तात त्या पेशी सहसा सापडत नाहीत! म्हणून जागा बधिर करून कमरेच्या हाडातली अस्थिमज्जा काढतात. तुकड्यावर सीडी२० नावाची खूण दाखवणारा रंग टाकला की लपलेल्या बी-पेशी उठून दिसतात. आशियाई रुग्णांत मज्जा, यकृत, प्लीहा जास्त सापडतात असं जपानी डॉक्टरांनी नोंदवलं आहे, त्यामुळे आपल्याकडे ही तपासणी महत्त्वाची.

मज्जेतही काही नसेल तर? पोट, मांडी अशा दोन-तीन ठिकाणच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीचे तुकडे, खालच्या चरबीसकट, तपासतात. मोहर्ली गेटातून सफारीला गेलो आणि वाघ दिसला नाही, तर जंगलात वाघच नाही असं आपण म्हणतो का? वनखातं पायवाटांवर कॅमेरे लावतं, तसंच हे.

१९५९ मध्ये ऑस्ट्रियाच्या त्वचारोगतज्ज्ञांनी हा आजार प्रथम मांडला, तेव्हा तो वाहिनीच्या अस्तराचा रोग वाटला होता. बी-पेशींचा उलगडा १९८०च्या दशकात झाला. तोवर बरेचदा निदान शवविच्छेदनातच व्हायचं. आता वेळेत सापडला तर केमोथेरपीसोबत रिटुक्सिमॅब देतात आणि बरेच रुग्ण सावरतात.

चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पुढे नागपूरला किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात जायची वेळ आली, तर जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉकही मागून घ्या, नुसता कागद पुरत नाही.