टॅटू पुसल्याने गुंडगिरी सुटते का?

प्रश्न : अमेरिकेत एक ख्रिस्ती धर्मगुरू गँगमधल्या पोरांच्या अंगावरचे टॅटू फुकटात काढून देतात, असे ऐकले. हे खरे आहे का? टॅटू काढल्याने गुंडगिरी कशी सुटेल? आणि यामागे धर्मांतराचा हेतू असतो का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : खरे आहे. फक्त लेझर चालवतात ते फादर नव्हेत, स्वयंसेवक म्हणून येणारे डॉक्टर. हे फादर म्हणजे जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचे ग्रेग बॉयल. १९८६ मध्ये ते लॉस एंजेलिसच्या बॉयल हाइट्स भागातल्या डोलोरेस मिशन चर्चचे प्रमुख झाले. चर्चला लागून सरकारी घरांच्या दोन मोठ्या वसाहती होत्या आणि तेवढ्याशा परिसरात आठ टोळ्या. टोळीयुद्धात मारल्या गेलेल्या मुलाचा पहिला अंत्यविधी त्यांनी १९८८ मध्ये केला. पुढे अशा अंत्यविधींची संख्या दोनशेच्या वर गेली.

सुरुवातीला फादर सायकलवरून वस्तीत फिरून टोळ्यांमध्ये समेट घडवायचे. काही काळाने त्यांनी ते बंद केले. समेटाला बसवले की टोळीला मान मिळतो, तिचे वजन वाढते, हे त्यांच्या लक्षात आले. तेव्हापासून टोळीशी बोलणी नाहीत. टोळीतल्या एकेका पोराशी बोलायचे.

पोरांचे म्हणणे एकच होते : काम द्या. पण तुरुंगात जाऊन आलेल्याला काम देणार कोण? मग लॉस एंजेलिसमधल्या १९९२ च्या दंगलीनंतर एका चित्रपटनिर्मात्याच्या पैशातून चर्चसमोरची जुनी बेकरी घेतली. कालपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणारी पोरे तिथे एकाच टेबलावर पीठ मळू लागली. त्यातूनच ‘होमबॉय इंडस्ट्रीज’ उभी राहिली. आज तिची बेकरी आहे, कॅफे आहे, कपड्यांवर छपाईचा कारखाना आहे. साधारण दीड वर्ष पगारी काम आणि त्याच्या जोडीला समुपदेशन, शिक्षण, कायद्याची मदत असा तिथला कार्यक्रम असतो.

आता टॅटूकडे वळू. तेही होमबॉयमध्येच फुकट काढले जातात. कपाळावर शिवी आणि मानेवर टोळीचे नाव गोंदलेले असेल, तर मुलाखतीत तोंड उघडण्याआधीच निकाल लागतो. नोकरीचे एक वेळ सोडा, विरोधी टोळीच्या गल्लीतून बसने जायचे तरी ते नाव जिवावर बेतते. लेझरच्या अतिसूक्ष्म झोतांनी त्वचेखालच्या शाईचे बारीक कण होतात आणि शरीरातल्या पेशी ते हळूहळू वाहून नेतात. हे एका बैठकीत होत नाही. मध्ये काही आठवड्यांचे अंतर ठेवून पुन्हा पुन्हा यावे लागते. शिवाय तापलेल्या तेलाचे थेंब उडावेत तशी आग होते. तरीही पोरे येतात, कारण खासगी दवाखान्यात हे काम त्यांच्या खिशाला परवडणारे नसते. तेव्हा टॅटू गेला म्हणून गुंडगिरी सुटते असे नाही. पण ती सोडायचे ठरवलेल्याच्या वाटेतली एक मोठी अडचण दूर होते.

धर्मांतराबद्दल सांगायचे, तर या वस्तीतली बहुतेक कुटुंबे मेक्सिकन वंशाची आणि जन्माने कॅथलिकच आहेत. त्यांचे धर्मांतर करणार तरी कशात? होमबॉयमधल्या सकाळच्या बैठकीत प्रार्थना होते, पण काम मिळण्यासाठी कोणाला धर्म विचारला जात नाही. फादर आणि त्यांचे अनेक साथी श्रद्धेपोटी इथे आले हे उघड आहे. ते लपवतही नाहीत. मात्र ती श्रद्धा त्यांच्या कामात दिसते, प्रवचनात नव्हे.

सगळे गोडच आहे असे समजू नका. जुनी बेकरी १९९९ मध्ये आगीत गेली. २०१० मध्ये पैसे संपले आणि शेकडो कर्मचाऱ्यांना घरी बसवावे लागले. काही पोरे पुन्हा टोळीत गेली, काही मारली गेली. तरी काम चालू राहिले. २०२४ मध्ये फादर बॉयल यांना अमेरिकेचा ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला.

हे सारे दूरदेशीचे वाटत असेल, तर मुंबईतले ‘स्नेहसदन’ पाहा. रेल्वे फलाटांवरच्या मुलांसाठी जेझुइट धर्मगुरूंनीच ते १९६२ मध्ये सुरू केले. अशा ठिकाणी मदतीला जावेसे वाटले, तर खाऊचा पुडा घेऊन वाढदिवसापुरते जाऊ नका. गणित, शिवणकाम, वायरिंग, कायदा, यांतले जे काही आपल्याला येते ते सांगा आणि ठरलेल्या वारी न चुकता जा. लॉस एंजेलिसचे डॉक्टर तरी याहून वेगळे काय करतात?